पप्पांनी चकाचक केलेली गिटार

प्रिय प्रज्वल,

मेसेज मुद्दामच केला नाही. त्याचाही स्क्रीनशॉट काढून तू चारचौघांत फिरवशील.

तुझा व्हिडिओ नऊ लाख लोकांनी पाहिला, हे मला पप्पांकडूनच कळलं. सकाळी चहाच्या आधी ते आकडा बघायचे. एका रविवारी बदलापूर गावात यशोधराआत्याकडे जाऊन तिच्या अख्ख्या आळीला दाखवून आले. "पोराने माझी कला जगापुढे नेली," म्हणत होते.

मे महिन्यात सुट्टीला आलेला तू गिटार घरी ठेवून मित्रांबरोबर माळशेजला गेलास, तेव्हा त्यांनी ती खोळीतून काढली. रंगाचे पोपडे निघालेले, लाकूड उघडं, स्क्रू गंजलेले. मलाही वाटलं, ही कुठल्या भंगारातून उचलली? कंपनीच नवी कोरी गिटार मुद्दाम खरवडून, गंजवून जुनी करते आणि वर नव्यापेक्षा महाग विकते, हे आम्हाला काय ठाऊक! पप्पा एवढंच म्हणाले, "पोराला फसवलं रे कोणीतरी." तीस वर्षं कॅम्प चारच्या फर्निचर कारखान्यात कपाटांना स्प्रे मारणारा माणूस तो. नखाएवढा ओरखडा दिसला की शेठ कपाट परत पाठवायचा. दोन दिवस सुट्टी टाकून त्यांनी ती घासली, लांबी भरून खड्डे बुजवले, लाल रंगाचे चार हात दिले. तू आलास तेव्हा तुला चप्पलही काढू न देता हातात ठेवली.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू मोबाइलचा कॅमेरा चालू केलास आणि गोड आवाजात म्हणालास, "पप्पा, परत एकदा सांगा ना, काय काय केलंत." त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सगळं सांगितलं.

त्यांना व्हिडिओखालच्या कॉमेंट कोणी वाचून दाखवल्या, असं तू आत्याला विचारलंस म्हणे. मी. एकेक, मराठी करून. डबा मी करते, दम्याचा पंप मी आणते, आणि त्या दिवशी मलाच म्हणाले, "भावाकडून शीक काहीतरी." मग बसलेच मी वाचायला. कोणी अडाणी म्हटलं होतं, कोणी गिटारीचा खुनी. शेवटी तू लिहिलेलंही वाचलं: असा बाप कोणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा.

पप्पा म्हणाले, "तुझं इंग्रजी पहिल्यापासून कच्चंच. प्रज्वल असं लिहिणार नाही." मी वाद घातला नाही. त्यानंतर त्यांनी तो व्हिडिओ कोणालाच दाखवलेला नाही.

हे पत्र त्यांनीच लिहायला बसवलंय. समोरच आहेत, चष्म्याशिवाय त्यांना माझं अक्षर दिसत नाही. म्हणतात, लिही त्याला, मित्रांच्या गिटारी खराब असतील तर पाठवून दे म्हणावं, पैसे नकोत. काल रंगाचे डबे आणून पलंगाखाली ठेवलेत. काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. ते रोज पोस्टमनची वाट बघणार आहेत.

अजूनही तुझीच,
शलाका