डावीकडची नळी

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या मालूची गर्भपिशवी काढायची. आणि काढणार मी! आमचे मुख्य सर्जन मर्विन सर घसरून पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये. "मी शेजारी उभा राहीन, सुरुची. हात तुझे." म्हणायला सोपं आहे.

मालू पाचूबंदरची, मासळी विकते. रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक झालीय. थांबण्यात अर्थ नाही. पिशवीतली गाठ बेंबीला टेकलेली, त्यात आधीचं सिझेरियन — आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार. मला धास्ती एकाच गोष्टीची, युरेटरची. प्रत्येक किडनीतून मूत्राशयात उतरणारी ती नळी, शहाळ्यातल्या स्ट्रॉहूनही बारीक. गर्भाशयाची धमनी तिच्या अंगावरून जाते. धमनी बांधायची, नळी वाचवायची — आणि दोघींत बोटभर अंतर नाही!

संध्याकाळी मालू म्हणाली, "बाय, तू करनार ना? मंग मी नाय घाबरत."

मी हसले. घरी येऊन पुस्तकातलं नळीचं चित्र पुन्हा काढून बसले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

झालं. गाठीसकट पिशवी निघाली. मालू शुद्धीवर आहे.

पण डावी नळी सापडलीच नाही!

डावीकडे आतडं घट्ट चिकटलेलं. सोडवलं. मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडून नळी जिथे कटिपोकळीत उतरते, तिथपासून शोधत खाली आले. चिमट्याने हलकेच डिवचली की ती अळीसारखी वळवळते. जे जे डिवचलं ते तसंच पडून. "घाई नको," सर कानाशी म्हणत होते. तेवढ्यात रक्त यायला लागलं. भूल देणाऱ्या विनी मॅडम ओरडल्या, "प्रेशर उतरतंय!" मग बांधली धमनी. नळी न बघता. दुसरं काय करणार होते?

लघवी होतेय तिला. पण ती एकट्या उजव्या किडनीचीही असू शकते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ताप आलाय. डाव्या कुशीत दुखतंय म्हणते — नेमकं डाव्या! सोनोग्राफी केली तर पोट गॅसने फुगलेलं, त्या बाजूचं काही दिसेना. उद्या सीटी.

सर म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे. आत्ताच कशाला बोलतेस?" पण मालू मला बघून हसली आणि राहवेना. खाटेवर बसून सांगून टाकलं. नळी दिसली नाही, माझ्या टाक्यात अडकली असेल, कदाचित पुन्हा पोट उघडावं लागेल.

तिचा नवरा फ्रान्सिस उठून उभा राहिला. "बाय, तुझ्या भरवशावर आनली तिला!" एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मालूने माझा हात सोडला. भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "थोडं पानी दे." दिलं. निम्मं चादरीवर सांडलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सीटीला नेलंय. मी बरोबर जायला हवं होतं. गेले नाही. अडलेली लघवी, फुगत चाललेली किडनी — डोळे मिटले की तेवढंच दिसतं.

२० नोव्हेंबर, पुन्हा

डावी किडनीच नाही! जन्मापासून नाही, म्हणून नळीही नाही. आधीच्या सोनोग्राफीत सगळ्यांनी गाठच पाहिली. मीही. ताप आणि कुशीतलं दुखणं, दोन्ही छातीत डावीकडे साठलेल्या कफाचं निघालं. फ्रान्सिस ढसाढसा रडला, सरांनी पाठ थोपटली, मालूने चहा मागितला.

मी ऑपरेशनची नोंद काढून पुन्हा वाचायला बसले.

उजवीकडे काही चिकटलेलं नव्हतं, रक्त नव्हतं, सगळं सोपं होतं. म्हणून तिकडची नळी मी शोधलीसुद्धा नव्हती. तिच्याकडे तेवढी एकच होती.