आधी गॅस बंद केला

८ फेब्रुवारी

सेक्रेटरीला मारलं! आमटीच्या डावाने. डोक्यात. दोन टाके पडले म्हणे.

आमच्या इमारतीचा सेक्रेटरी, वरच्या मजल्यावर राहतो. ह्यांचा पत्त्यांतला भिडू. हे गेल्याला दीड वर्ष झालं, पण दाराबाहेरची ह्यांची खुर्ची मी हलवली नव्हती. संध्याकाळी तिच्यात बसून पेपर वाचायचे. मी रोज पुसते. आज दूध तापत ठेवून दार उघडलं — खुर्ची नाही! तो भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होता. विचारलं. म्हणाला, "भंगारवाल्याला दिली, वहिनी. अडगळ होती."

अडगळ!

आत गेले. गॅस बंद केला. डाव घेऊन बाहेर आले. तो तिथेच, पिशवी या हातातून त्या हातात करत. "आता काय, मारताय का? मारा!"

मारलं.

१० फेब्रुवारी

त्याची बायको त्याला दंडाला धरून चौकीवर घेऊन गेली. केस झाली.

माझी वकील माझी सून. मला "गप्प बसा" म्हणायचा कायदेशीर हक्क तिला पहिल्यांदाच मिळालाय. सढळ हाताने वापरतेय.

तिचं म्हणणं — समोरच्याने एकदम डिवचलं, भान सुटलं, त्या भरात हात उठला, असं कोर्टाला पटलं तर थोडक्यात सुटेन. नाहीतर या वयात गुन्हेगार म्हणून नाव लागेल. सगळं जमत आलं होतं. मग तिने चौकीतला माझा जबाब वाचला.

"आई, गॅसचं कशाला सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, मग काय केलंत."

"भान सुटलेल्या माणसाला गॅस दिसत नाही हो!"

"त्याच्या घरी दूध उतू जात असेल."

"गप्प बसा."

१५ फेब्रुवारी

सुनेचं कायद्याचं पुस्तक घेतलंय वाचायला. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर. पुडीचा कागद ऐन रंगात फाटलेला असायचा. या पुस्तकात निदान वाक्य संपतं — दीड पानाने का होईना.

स्वसंरक्षण — जमत नाही. त्याच्या हातात फ्लॉवर होता.

धाक — मला कुणी घातला नाही. घालून बघावा.

संमती! समोरच्याने स्वतः होकार दिला असेल तर! सून दात घासत होती, तिथेच गाठली. म्हटलं, "तो 'मारा' म्हणाला होता. मी त्याचं ऐकलं." तिने तोंडात फेस असताना जे काही म्हटलं ते कळलं नाही. बरंच झालं.

१६ फेब्रुवारी

ह्यांचा चष्मा पुसून ठेवला. थोड्या वेळाने परत पुसला.

२२ फेब्रुवारी

सेक्रेटरी दारात. डोक्याला पट्टी, चपला हातात — बायकोला चाहूल लागू नये म्हणून!

"वहिनी, एकदा सॉरी म्हणून टाका. मी हिला पटवतो. केस मागे घेऊ."

"म्हणते. आधी सांगा, खुर्ची का दिलीत? तुमच्या बापाची होती?"

त्याने चपला या हातातून त्या हातात केल्या. "अडगळ होती," म्हणाला आणि तसाच वर गेला.

सॉरी म्हणे! माझी जीभ झडली तरी चालेल.

३ मार्च

कोर्टात काय बोलायचं त्याची तालीम. सून म्हणते, फक्त एवढंच सांगा — माझं भान सुटलं होतं.

तीनदा म्हणायला गेले. तीनदा शिंक आली.

"आई, काय अवघड आहे त्यात?"

सांगून टाकलं तिला. भान सुटलं नव्हतं. हे गेल्यापासून कुणी जेव म्हटलं की जेवते, बस म्हटलं की बसते. तेवढी दोन मिनिटंच मी भानावर होते. तेही खोटं म्हणून सांगायचं? मग माझं काय उरलं!

सून गप्प बसली. न सांगता.

११ मार्च

आज तो साक्षीला उभा. सुनेने आवाज चढवला, "कुणाच्या परवानगीने दिलीत खुर्ची?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "शपथेवर विचारताय म्हणून सांगतो. मालकाच्या."

"कोण मालक?"

"वहिनींचे."

ह्यांनी दवाखान्यात त्याला सांगितलं होतं — "ती खुर्ची मला कमरेत टोचते रे. हिने हौसेने आणली म्हणून इतकी वर्षं बोललो नाही. मी गेलो की काढून टाक. पण हिला कळू देऊ नकोस." त्याला धीर व्हायला दीड वर्ष लागलं.

जजसाहेबांनी मला विचारलं, काही सांगायचंय का.

म्हटलं, हो. मारलं मीच, चांगली शुद्धीत मारलं. फक्त माणूस चुकला.