गरज दिसत नाही

आधी तक्रार, मग बाकीचे. मंगळवारी वकिलाच्या कचेरीत गेले तर दारातल्या कारकुनाने मान वर न करताच सांगितले, "आजी, मदतीचे अर्ज खालच्या मजल्यावर." मी म्हटले, मदत नको, मृत्युपत्र करायचे आहे. तेव्हा त्याने मान वर केली, माझ्या चपलांकडे बघितले आणि म्हणाला, "मागे ठेवायला आहे काय पण तुमच्याकडे?" बाकावरचे दोघे हसले. मी तशीच उठले, कोपऱ्यावरून रेघांचे कागद घेतले आणि घरी येऊन स्वतः लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतच झाली आहे. चुका असतील त्या तशाच राहू द्या, कुणी सुधारायला जाऊ नये.

तर मी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा रफूचा, नवरा वारून बेचाळीस वर्षे झालेली, हे माझ्या हाताने लिहिते आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पाच मिनिटे भांडून बघावे. कुणी धाक घातलेला नाही. गोड बोलूनही कुणी लिहून घेतलेले नाही, गोड बोलणारे आमचा जिना चढत नाहीत. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे असे करावे:

१. खोली. दुसऱ्या मजल्यावरची, माझ्या नावावरची. ती थोरलीला द्यायची, सबंध, वाटा न पाडता. थोरली म्हणजे माझी मुलगी. तिने लग्न केले नाही, याच खिडकीत माझ्या शेजारी बसून चाळीस वर्षे रफू करते आहे. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण धाकटा, म्हणजे माझा मुलगा, गेल्या महिन्यात आला आणि भिंती ठोकून बघू लागला. म्हणाला, "आई, तुझ्यानंतर ही विकून टाकू. ताईची कुठेतरी सोय लावू."

"कुठेतरी म्हणजे कुठे रे?"

"अगं, संस्था असतात ना. तिच्यासारख्यांसाठी."

थोरली तिथेच बसली होती. तिने दोरा दाताने तोडला आणि दुसरा ओवला. तिच्या वतीने मी बोलते: तिला या खोलीतून कुणी हलवायचे नाही.

२. सुया, कापड ताणायची गोल कडी, लहान कात्री थोरलीला. भिंग नातीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला. तिला घरात शिकवले आहे की मैत्रिणींनी विचारले तर आजीचे "कापड क्षेत्रात काम आहे" असे सांगायचे. बाळे, तुझी आजी लोकांच्या कपड्यांची भोके बुजवते. हे सांगताना जीभ अडखळली तर भिंग परत कर.

३. लॉन्ड्रीच्या मालकाला काही नाही. माझे काम तो पुढच्या काउंटरवर "आमच्या खास कारागिराचं काम" म्हणून दाखवायचा आणि मला म्हणायचा, "मागच्या दाराने या हो, गिऱ्हाईक बसलंय." एकोणतीस वर्षे मी मागच्या दाराने गेले. त्याने माझ्या प्रेताला हार आणला तर तोही मागच्या दारानेच घ्यावा.

४. आता धाकट्याचे. त्याला मी डब्यातले दोन कागद देते, दुसरे काही नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या आई पक्षपाती होती असे कुणाला म्हणता येऊ नये.

थोरली अकरा वर्षांची होती, वर्गात पहिली. नवरा जाऊन दोन वर्षे झाली होती. शाळेची मदत समिती गरिबांच्या मुलांची फी भरायची, पण आधी घर बघायला यायची. मला वाटले, पाहुणे येणार. मी फरशी घासली, भिंतीला चुना दिला. नवऱ्याचा कोट कसरीने खाल्लेला होता. तो कापून थोरलीच्या मापाचा केला आणि कोपरावरची भोके त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतले धागे उपसून भरली. अकरा दिवस लागले. उन्हात धरला तरी जागा सापडत नव्हती.

समितीच्या बाईने नेमके तेच कोपर चिमटीत धरले. "कापड छान आहे हो. एवढ्या भारी कोटाची ऐपत आहे तुमची?"

रफूवाल्याने भोक कुठे होते ते दाखवायचे नसते, हे मला माझ्या सासूने शिकवले होते. मी गप्प राहिले. खरे सांगायचे तर मनातून फुगले होते, की हिला सापडले नाही. बाही उलटी करून दाखवायला किती वेळ लागला असता? पण नाही दाखवली. आठ दिवसांनी कागद आला: गरज दिसत नाही. थोरलीची शाळा तिथेच संपली. ती माझ्या शेजारी येऊन बसली ती आजपर्यंत.

दोन वर्षांनी धाकट्याची वेळ आली. तोवर मी शहाणी झाले होते. त्याचा चांगला सदरा मी या हातांनी ओढून फाडला. भिंतीला काजळी फासली. दोन दिवस त्याला आंघोळ घातली नाही. तीच बाई आली, खुर्चीवर बसली नाही, नाकाला रुमाल लावला आणि माझ्यादेखत सोबतच्या गृहस्थांना म्हणाली, "पाण्याला काही पैसे पडत नाहीत, पण या लोकांना स्वच्छ राहायचंच नसतं." आणि मदत मंजूर केली. कागदावर लिहिले: गरज स्पष्ट दिसते.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, हात कामात असले की डोके रिकामे असते. गरीब नीटनेटका दिसला तर तो लबाड. मळका दिसला तर आळशी. हसला तर माजला, रडला तर नाटकी. मदत देणाऱ्यांना आम्ही खाली आहोत एवढे पुरत नाही, आम्ही खाली असायलाच लायक आहोत हेही दिसावे लागते. नाहीतर त्यांना स्वतःच्या ताटाकडे बघून घास उतरणार नाही.

धाकटा शिकला, साहेब झाला. आनंद आहे. आता तो त्याच समितीवर आहे. गेल्या महिन्यात भिंती ठोकून झाल्यावर इथेच चहा पिताना सांगत होता, "आज एका बाईला पकडलं. पोरीचा फ्रॉक मुद्दाम फाडलेला. फेटाळला अर्ज."

मी विचारले, "तुला कसे रे कळले?"

"सोपं आहे आई. झिजून फाटलं की कडा विरळ होत जाते. ओढून फाडलं की धागे ताठ उभे राहतात. तूच नाही का शिकवलंस?"

शिकवले होते. माझ्या मांडीशी बसून तो हे शिकला. तेव्हा थोरलीच्या हातातली सुई थांबली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "तुझा सदरा कुणी फाडला होता, माहीत आहे?"

तो म्हणाला, "ताई, जुनं काय उकरतेस. आपण तसे नव्हतो."

म्हणून ते दोन्ही कागद त्याला. शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

५. धाकट्याने पकडलेली ती फ्रॉकवाली बाई आमचाच जिना पुसते. मला नंतर कळले. तिची मुलगी सातवीत आहे. पोस्टाच्या पुस्तकात माझे जे काही असेल ते सगळे त्या मुलीच्या शाळेसाठी. तिचे घर बघायला कुणी जायचे नाही.

६. हे सगळे शेजारच्या नर्सबाईंनी पार पाडावे. त्यांना सूनबाईंची भीती वाटत नाही.

ठिकाण: माझी खोली.
तारीख: नऊ मार्च, गुरुवार, सकाळ.
सही: रफूवाली आजी, थोरलीची व धाकट्याची आई (अंगठाही उठवला आहे, सहीवर कुणी शंका घेऊ नये)

साक्षीदार, दोघांनीही मला सही करताना पाहिले:
१) नर्सबाई, शेजारची खोली
२) किल्ल्या बनवणारे काका, तळमजला

ता. क. किल्लीवाले काका वाचून म्हणाले, "ती पोरगी विचारेल की, माझा अर्ज का फेटाळला. तिला काय सांगायचं?" तर साक्षीदारांसमोरच पुढचे लिहिते. त्या पोरीने विचारायचे धाकट्यालाच, माझ्या तेराव्या दिवशी, याच खोलीत. समितीच्या कागदाने उत्तर द्यायचे नाही, सूनबाईने मध्ये बोलायचे नाही, थोरलीने त्याची बाजू सावरायची नाही. उत्तर त्याने स्वतः द्यायचे, तिच्या तोंडाकडे बघून.