साडेसात फूट

सेक्रेटरीसाहेब,

त्या सकाळी मी चादरी पिळत होते आणि हे मागच्या अंगणातल्या त्यांच्या शेडमध्ये रंधा मारत होते. तुम्ही दोन माणसं आणि घण घेऊन आलात.

"सोसायटीचा नियम सात फूट उंचीचा. तुमची शेड साडेसात भरते."

हे दारात आडवे उभे राहिले. "टेप गटारात टेकवून मोजलीत, साहेब. जमिनीवरून मोजा की!"

"म्हाताऱ्याचं काय ऐकता? पाडा रे!"

घणाचा घाव खांबावर बसला आणि तुळई यांच्या डोक्यावर आली. पिळलेली चादर मी जखमेवर दाबली, ती रक्ताने पुन्हा भिजली. घण टाकून तुम्ही पळालात.

दुसऱ्या दिवशी यांना स्मशानात पोचवून आले आणि शेजारच्या अंगणातली तुमची शेड जमिनीवरून मोजली. आठ फूट भरली. त्याच घणाने मी तिचे चारही खांब तोडले. आत तुम्ही आहात का, ते नंतर पाहिलं.

तुमची शेजारीण