पातं माथ्यावर पोचायच्या आधी

प्रिय निन्के,

फोनच केला असता, पण तुझे बाबा सारखे खोलीतच असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. "तिला काही कळवायचं नाही," असं बजावलंय मला. आत्ता त्यांचा डोळा लागलाय, तेवढ्यात लिहितेय.

आपली पवनचक्की बरी आहे. दलदलीचं पाणी आता विजेचा पंप उपसतो, ही नुसती जुनी म्हणून जपलीय. पण हे बाबांना कोण सांगणार! परवापर्यंत रोज सकाळी लव्हाळ्यातून धापा टाकत जायचे, तिला थोडी फिरवायचे आणि एक पातं माथ्यावर पोचायच्या जरा आधी थांबवून यायचे. घरी कुणी येणार असलं की आपण ठेवतो, तसं. शेजारच्या त्र्यूसनं बाबांना विचारलंच, "काय वीबे, कोण येतंय?" तर म्हणे, "वारा येतोय." तू गेलीस त्या दिवशी "चक्की नको तर आम्हीही नको" असं तोडून बोलले खरे, पण तुझ्या पलंगावरची चादर अजून दर शनिवारी बदलायला लावतात.

मंगळवारी मात्र भलतंच झालं. ब्रेकचा दोर ओढायला त्यांच्या हातात जोर उरला नाही आणि पातं माथा ओलांडून पुढे जाऊन थांबलं. तसं पातं म्हणजे घरातलं माणूस गेलं, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. मी धावत जाऊन त्यांना कसंबसं घरी आणलं, चक्की तशीच राहिली. थोड्याच वेळात त्र्यूस वाटाण्याच्या सूपचं पातेलं घेऊन, डोळे पुसत दारात! मागे काळ्या कोटांत अर्धं गाव. बाबा खुर्चीतूनच ओरडले, "अगं बाई, अजून आहे मी! पण सूप ठेवून जा." सगळे पोट धरून हसले. मीही हसले, आणि मग आत जाऊन रडले.

आता त्र्यूसचा नवरा योप पातं थांबवतो. बाबा खिडकीतून हातवारे करतात, "अलीकडे, गाढवा, अलीकडे!"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलंय, फार दिवस नाहीत. बाबा तुला बोलावणार नाहीत, जीव गेला तरी नाही. म्हणून मी बोलावतेय. मला फार भीती वाटतेय गं. त्यांनी पातं तुझ्यासाठी अलीकडे थांबवलंय. ते पलीकडे न्यायची वेळ माझ्यावर येण्याआधी ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई