पस्तीस ठोके

तारीख १४, शुक्रवार, सकाळ

चि. बारक्यास,

अक्काचा आशीर्वाद. तू बरा असशील. नसलास तर औषध घे, अंगावर काढू नकोस. तुझ्या बायकोच्या गुडघ्याला तेल लाव म्हणावं. मी बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. शाळेचे गणवेश शिवणं चालूच आहे. झालं, ख्यालीखुशाली संपली.

तू मागे लिहिलं होतंस की टॉवरबद्दल एक अक्षर लिहिलंस तर पत्र फाडून टाकेन. पंचवीस वर्षं मी ते पाळलं. आज पाळत नाही. फाडायचं तर शेवटपर्यंत वाचून फाड.

काल टॉवर वाजला. बारा. मोजून बारा.

आता नीट सांगते. तू गाव सोडून गेल्यावर घड्याळ अकरा वर्षं चाललं, मग दोर तुटला आणि काटे चार वीसवर अडकले ते चौदा वर्षं तसेच. कोणी विचारलं नाही. यंदा टॉवरला दीडशे वर्षं होणार म्हटल्यावर कचेरी जागी झाली. नवीन साहेब आलेत. म्हणे आतलं जुनं यंत्र काढून भंगारात द्यायचं, बॅटरीचं बसवायचं, आणि ठोके भोंग्यातून. टेप केलेले! मी तिथेच म्हटलं, "मग साहेब, खुर्चीत तुमचा फोटोच ठेवा की, कामात काही फरक पडायचा नाही."

शिपाई हसला. साहेब नाही हसले. म्हणाले, "आजी, तुमचा काय संबंध?"

संबंध! मग मी त्यांना बसवून सांगितलं, बाबा आपल्याला सांगायचे तेच. तेव्हा गिरणीत मालकाचं घड्याळ होतं. सकाळी पळायचं, संध्याकाळी लंगडायचं. कामगाराकडे घड्याळ नाही, भांडणार कशाच्या जोरावर? म्हणून गावाने आपला टॉवर बांधला. सुट्टीच्या दिवशी येऊन गवंड्यांनी दगड चढवले, बायकांनी घरातलं एकेक पितळी भांडं दिलं, त्याची घंटा ओतली. पहिल्या दिवशी टॉवरने सहा ठोके दिले आणि अख्खी गिरणी यंत्रं सोडून बाहेर आली. मालक बोंबलत राहिला, माझ्या घड्याळात अजून अर्धा तास आहे! तेव्हापासून इथे माणूस ठोका ऐकला की बोटावर मोजतो. जेवताना, भांडताना, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे. बाबांनी घड्याळ राखलं, मग तू.

साहेब म्हणाले, "बरं. आठ दिवस एकही ठोका न चुकता चालवून दाखवा. चुकला की भोंगा."

मी लेथवाल्याला गाठलं. तोच, तुझा दोस्त, आता एकही दात नाही पण हात तसाच. आम्ही दोघं मिळून दीडशेच्या आसपास, आणि जिन्याच्या पायऱ्या एकशे बारा. तो म्हणाला, "वर पोचलो तर दुरुस्त करू, नाही पोचलो तर तिथेच पुरतील." महिनाभर खपलो. दोर नवा घातला, गंज काढला, चाकाचे दोन झिजलेले दात भरून घेतले. आणि बारक्या, तू बसवलेलं जे जे होतं ते जागच्या जागी होतं. एक स्क्रू ढिला नाही. लेथवाला चाकावरून बोट फिरवत म्हणाला, "ज्याने हे बसवलं तो आता पाव भाजतो? काय म्हणावं याला!"

मी खाली बसून चिंधीने हात पुसत राहिले.

हे ऐक. काटे लावले, मग ठोक्यांची मोजणी जुळवायची होती. तुला मी काय शिकवणार, पण लिहिते. त्या यंत्राला वाजले किती ते कळत नाही. मागच्या वेळी चार दिले तर आता पाच, एवढंच त्याला ठाऊक. मधले राहिले असतील तर एकेक तास वाजवून पुढे न्यायचा, दुसरा उपाय नाही. लेथवाल्याने तरफ उचलली. भर दुपारी टॉवर बडबडायला लागला. पाच, मग सहा, मग सात. लोक दुकानांतून बाहेर आले, बोटांवर मोजायला लागले, हसले, "म्हातारा शुद्धीवर आला!" म्हणाले, परत कामाला गेले. एवढंच. आभाळ कोसळलं नाही.

आणि एवढ्याला मी तेव्हा भ्यायले.

टॉवरच्या सव्वाशे वर्षांच्या त्या समारंभाच्या आदल्या दिवशी तुला ताप होता. तू म्हणालास, अक्का, आज चावी तू दे. मी गेले. चालीची बाजू, काटे फिरवणारी, ती दिली. ठोक्याची बाजू जड, एकशेवीस फेरे, आणि खाली गिऱ्हाईक ताटकळत उभं. म्हटलं सकाळी देऊ, रात्र निघेल. नाही निघाली. वजन पहाटे चारच्या ठोक्यानंतर जमिनीला टेकलं. सकाळभर मी मशीनवर, कानात तोच घरघराट. साडेनऊला शेजारीण म्हणाली, आज टॉवर मुका का गं? तशी धावले. वजन वर घेतलं. पण मोजणी जुळवायची तर पाच, सहा, सात, आठ, नऊ. पस्तीस ठोके. खाली मंडप भरलेला, पाहुणे गाडीतून उतरत होते. गावभर कळलं असतं की घड्याळवाल्याच्या घरून चूक झाली. मला वाटलं, भाषणाच्या गडबडीत पाच वाजले काय नि दहा वाजले काय, मोजतंय कोण?

सगळे मोजत होते.

दहाला पाच ठोके पडले आणि सगळा चौक हसला. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, चावी कोणी दिली? बाहेरच्याला वर जायची बंदी होती, म्हणून तू म्हणालास, मीच. रात्री घरी मला विचारलंस, "अक्का, दोन्ही बाजू दिल्या होत्यास ना?" मी म्हटलं, "दिल्या की!" पटकन. पोळी उलटावी तसं. तू आपल्या हातांकडे बघत म्हणालास, मग माझ्याच हाताने काहीतरी बिघडलं. आठवड्यात नोकरी गेली, महिन्यात तू गेलास. पुन्हा पान्हा धरला नाहीस. भिंतीवर राखणाऱ्यांची वर्षं रंगवली आहेत ना, त्यातल्या तुझ्या ओळीवर त्यांनी चुना फासला.

बिघडलं होतं ते माझ्या जिभेने. तुझ्या हाताने नाही.

काल आठवा दिवस. एकही ठोका चुकला नव्हता. चौकात पाय ठेवायला जागा नाही. साहेबांनी मला माईक दिला, म्हणाले दोन शब्द बोला. बाराला पाच मिनिटं कमी होती. मी आता तुला लिहिलं तेच बोलले, फक्त उभ्याने.   मग मागून चहावाला ओरडला, "आजी, पस्तीस मोजायला पंचवीस वर्षं लागली होय!" हशा उसळला. लेथवाला त्याच्यावर खेकसला, "अरे पण जुळवली ना मोजणी!" आणि तेवढ्यात वरून पहिला ठोका पडला.

एक, चौकातून कोणीतरी म्हणालं. दोन, दहाजणांनी. चारपर्यंत सगळा चौक मोठ्याने मोजत होता. साहेबसुद्धा, बोटांवर! बाराला जो आवाज उठला, तो भोंग्यातून काढून दाखवा म्हणावं. भोंग्याचं खोकं न उघडताच परत गेलं. संध्याकाळी मी आणि लेथवाल्याने तुझ्या ओळीवरचा चुना खरवडला. रंग खाली तसाच आहे. कचेरीने तुला काढल्याचा त्या वेळचा कागदही रद्द केला, सहीशिक्का मी बघून घेतला.

माफी वगैरे मला नीट लिहिता येत नाही, चौथीत नव्हती शिकवली. तू शिव्या देणार असशील तर इथे येऊन दे, पत्रात दिल्यास तर निम्म्या मला वाचता येणार नाहीत. साहेब विचारत होते की राखायला कोण. मी म्हटलं, आहे एक. पाव भाजतो. येईपर्यंत मी आणि लेथवाला बघतो.

तासाभरापूर्वी वर जाऊन आले. गिऱ्हाईक खाली खोळंबलं होतं. खोळंबू दे म्हटलं. एकशेवीस फेरे मोजून फिरवले, मधे दोनदा बसले.

दोन्ही बाजू दिल्या आहेत.

तुझी
अक्का