पायडलवर मोजलेली पावलं

प्रिय ठमे,

आईशी बोलून झालं की तू फोन ठेवून देतेस, माझ्यापर्यंत येऊ देत नाहीस, हे काही मला कळत नाही असं नाही. परवा तू तिला म्हणालीस, "आता माझं पळणं संपलं." गुडघ्याचा पट्टा निघाला, डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं, तरी तू सकाळी खिडकीशी नुसती बसून असतेस. "चालायचं काय, म्हातारेसुद्धा चालतात!" हे तुझं वाक्य आईने मला जसंच्या तसं ऐकवलं आणि वर माझ्याकडे बघून हसली. म्हटलं, म्हाताऱ्याने आपली हकिगत कळवावी. फोनवर मला सुचत नाही. शिलाई मशीन बंद करून कागद पुढे घेतला की सुचतं.

माझी साखर वाढली तेव्हा तू ते पावलं मोजणारं घड्याळ पाठवलंस. मनगटावर बांधलं तर पट्टा कापडात अडकायचा. एकदा चांगल्या रेशमी अस्तराचा धागाच ओढला गेला. म्हणून मी ते घोट्यावर बांधलं आणि दिवसभर पायडल मारत बसलो. तिकडे तुझ्या मोबाइलवर माझी पावलं वाढत चालली. बाबा मला मागे टाकणार, असं तू मैत्रिणींना सांगत सुटलीस. मलाही वाटलं, दुकानात जाता-येता होत असतील एवढी. लग्नसराईत तर घड्याळाच्या मते मी रोज शेजारच्या गावाला जाऊन येत होतो. शेवटी तूच विचारलंस, "बाबा, जेवल्या जेवल्या एवढं कुठे पळता?" आणि आई मागून ओरडली, "कुठे पळतायत, स्टुलावर बसलेत!" किती हसलीस तू. हसलो मीही, पण मनातून खजील झालो. घड्याळ खणात गेलं आणि त्याच्याबरोबर माझं सकाळचं थोडंफार चालणंही गेलं. आकडाच खोटा, मग चालून दाखवायचं कुणाला, असं वाटलं.

मला पुन्हा बाहेर काढलं ते शेजारच्या इस्त्रीवाल्याने. त्याला माझ्या साखरेशी देणंघेणं नाही. टेकडीपलीकडच्या वसाहतीतून कपड्यांची गठडी आणायला त्याला सोबत हवी असते. दारात उभा राहून हाळी देतो, "शिंपीदादा, निघा! तुमच्याआधी माझी इस्त्री तापते." पहिल्या दिवशी मी चढाच्या मध्यावर एका दगडावर बसलो. म्हणाला, "बसा की. टेकडी कुठे पळून जात नाही. उद्या या दगडाच्या पुढे." दुसऱ्या दिवशी मी त्या दगडापर्यंतही पोचलो नाही. तेव्हा मात्र तो काही बोलला नाही, शेजारी बसून घाम पुसत राहिला. खरं सांगतो, तो काही बोलला असता तर मी तिसऱ्या दिवशी गेलो नसतो.

चालताना मी मनात देवाचं नाव घेतो, तुला ठाऊक आहे. सुरुवातीला चढावर अशी धाप लागायची की नाव अर्ध्यातच तुटायचं. देवालाही वाटत असेल, हा हाक मारतो आणि मध्येच गप्प होतो. गेल्या आठवड्यात वर पोचलो आणि लक्षात आलं, आज नाव एकदाही तुटलं नाही. कंबर म्हणशील तर आहे तेवढीच आहे. टेप लावताना पोट आत ओढून पाहिलं. पण गिऱ्हाइकांना जन्मभर 'श्वास सोडा' सांगणाऱ्याला ते कसं पचावं? साखर थोडी उतरली, अजून उतरायची आहे. मात्र जमिनीवर कापड बेतून झालं की टेबलाला न धरता उठतो, तेही हातात कात्री घेऊन. आई ओरडते, "आधी ती कात्री खाली ठेवा!"

तुझ्या पळण्याशी मी याची बरोबरी करत नाही, बाळ. त्या शर्यतीसाठी तू किती महिने अंधारात उठलीस, आणि शेवटचं वळण दिसत असताना तुला गुडघा धरून रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. ते दुःख मला माझ्या टेकडीवरून कळणार नाही. तू पुन्हा पळशील की नाही, हे डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही. मीही देवाकडे ते मागत नाही. सकाळी तू दाराबाहेर पडावीस, एवढंच मागतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. तुमच्या त्या शर्यतीत यंदा चालणाऱ्यांचाही एक लहान गट आहे. त्यात मी माझं नाव दिलंय. तुझं दिलेलं नाही, ते तुझं तू ठरव. मी शेवटून पहिला येणार याबद्दल इस्त्रीवाल्याच्या मनात शंका नाही. पण तिथले रस्ते मला माहीत नाहीत आणि अनोळखी गर्दीत मी बुजतो, म्हणून शर्यतीआधी सरावाला या रविवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. मला तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोबत कर. तिथून परत फिरावंसं वाटलं तर फिरू. तुझ्या डॉक्टरांना फोन करून विचारलंय, ते म्हणाले एवढं तर चालायलाच हवं. माझ्यापेक्षा हळू चालणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. ते माणूस तू निघालीस, तर मला फार बरं वाटेल.

तुझाच,
बाबा